धूर नाही, वास नाही: सिंहगड रस्त्यावरच्या एका घरातले तीन पक्षी आणि रिकामा तवा

पक्षी पाळणाऱ्यांचे फोन मला वर्षानुवर्षं येतात. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं पक्षी सांभाळलेत, म्हणून लोक आधी मला विचारतात आणि मग दवाखान्यात जातात. हे प्रकरण गेल्या दिवाळीनंतरचं आहे. त्या घरातल्या सगळ्यांना विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, वेळा आणि घटनाक्रम मात्र आम्ही बसून जुळवले तसेच ठेवलेत.

घर आणि पक्षी

चौथ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि सातवीतला नातू. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात भिंत नाही, आजकालच्या पद्धतीप्रमाणे सगळं एकसलग. ओट्याच्या टोकापासून हॉलच्या खिडकीपर्यंत सात-आठ पावलं. त्या खिडकीशी दोन बजरीगरांचा पिंजरा, एक पिवळा, एक निळा. (पुण्यात यांनाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, लव्हबर्ड हा पक्षी वेगळा.) तिसरी कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, मागच्या बेडरूममध्ये, नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी.

हे घर निष्काळजी नव्हतं, हे मला आधीच सांगायचंय. आजी सहाला उठून पिंजऱ्यावरचं कापड काढायच्या, पाणी बदलायच्या, राळ्याची टरफलं फुंकून दाणे वर आणायच्या. देवाची उदबत्ती आतल्या खोलीत लावायच्या. ठेच्यासाठी मिरच्या भाजायच्या असल्या की सून आधी हाक मारायची, "आई, पिंजरा आत घ्या हो." दिवाळीत फटाक्यांचा धूर नको म्हणून चार रात्री पिंजरे बाथरूमच्या पॅसेजमध्ये होते. धूर पक्ष्यांना बाधतो हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. धूर दिसतो, वास येतो, ठसका लागतो, आणि मग माणूस हलतो. त्यांची सगळी खबरदारी या तीन खुणांवर उभी होती.

भाऊबीजेला आत्याने एअर फ्रायर दिला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पीएफओए-मुक्त' असं होतं. नातवाच्या बाबांनी ते वाचलं, नेटवर पाहिलं, पीएफओए हे घातक रसायन आहे हे त्यांना कळलं आणि ते निर्धास्त झाले. त्यांनी वाचलं ते खरंच होतं. पण पीएफओए हे नॉनस्टिक लेप बनवताना वापरलं जायचं. ते नाही म्हणजे लेप नाही असं नव्हे. लेप पीटीएफईचा, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो त्याचाच असू शकतो. तो जास्त तापला तर काय होतं, याबद्दल ते लेबल एक अक्षर सांगत नाही. चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मिळालं आणि त्यावर सगळ्यांचं समाधान झालं. हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो कुणाला निर्णय वाटलाही नाही.

रविवारची सकाळ

नोव्हेंबरचा गारठा होता. हॉलची खिडकी बोटभर उघडी. पावणेनऊच्या पाच मिनिटं आधी सुनेने एअर फ्रायरची टोपली धुऊन पुसली आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे 200 अंशांवर पंधरा मिनिटं रिकामा लावला. थोड्या वेळात नव्या प्लास्टिकसारखा वास आला. नव्या वस्तूला येतोच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

शेजारच्या मोठ्या बर्नरवर तिने घावनांसाठी नॉनस्टिक तवा ठेवला, तीन वर्षांचा, नेहमीचा. गॅस मोठा, कारण तवा पटकन तापायला हवा होता. ओट्यावरची धूर ओढणारी चिमणी बंद होती. फोडणी नाही तर चिमणी कशाला, आपल्याकडे हाच हिशेब असतो. एवढ्यात बेल वाजली. पेपरवाला बिल घेऊन आला होता. सुट्टे शोधण्यात, मग दोन महिन्यांचं बिल जुळवण्यात सात-आठ मिनिटं गेली. ती परतली तेव्हा तवा तसाच होता. धूर नव्हता. पाण्याचा हबका मारला तर थेंब तव्यावर नुसते नाचत पळाले. तिने गॅस बारीक केला, मिनिटभर थांबली आणि पहिलं घावन घातलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पिवळा पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला. पिसं फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले. आजी म्हणाल्या, "गारठलाय गं बिचारा." त्यांनी खिडकी लावून घेतली आणि पिंजऱ्यावर तिन्ही बाजूंनी जाडं कापड घातलं.

आजींचा हात चुकला असं मी म्हणणार नाही. मागच्या थंडीत याच पिवळ्याला गारठा भरला होता आणि याच कापडाने तो सावरला होता. फुगलेली पिसं पाहिली की ऊब द्यायची, हे पक्षी पाळणारा कुणीही सांगेल. एरवी ते योग्यच. पण त्या सकाळी त्या कापडाने आणि लावलेल्या खिडकीने घरातली तीच हवा पिंजऱ्यात कोंडली गेली. दुसरा निर्णयाचा क्षण हा.

पाच मिनिटांनी आजींनी कापड वर केलं तर निळाही चोच उघडून श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वर-खाली हलत होती. नातवाने मला फोन लावला. "काका, पिवळा खाली पडलाय आणि निळ्याची शेपूट पंपासारखी हलतीय."

फोनवरची माझी चूक

मी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं त्यांनी?" मग राळा कुठून आणला, कोथिंबीर धुतली होती का, शीट कशी आहे. हे सगळं विचारण्यात पाच मिनिटं गेली. आज लिहितानाही ती पाच मिनिटं मला टोचतात. दोन पक्षी, एकाच वेळी, श्वासाचाच त्रास, आदल्या रात्रीपर्यंत ठणठणीत. पोटाच्या दुखण्यात असं होत नाही. एकदम सगळ्यांचा श्वास अडला की पहिला संशय हवेवरच घ्यायला हवा.

बोलता बोलता मागे घावनाचा चर्र आवाज आला आणि मी विचारलं, "गॅसवर काय आहे?" नातवाने सांगितलं: तवा आहे, आणि तो नवीन फ्रायर पण चालू होता. मी म्हणालो, सगळं बंद कर, कापड काढ, पिंजरा मागच्या गॅलरीत उघड्यावर ने, घरातली सगळी दारं-खिडक्या उघड. तो हे आईला सांगत होता तेवढ्यात पिवळा गेला.

पुढच्या अर्ध्या तासातले पर्याय

पिंजरा गॅलरीत आल्यावर तीन मार्ग होते. मोकळ्या हवेत ठेवून तासभर वाट पाहायची. जवळच्या दवाखान्यात न्यायचं, जो कुत्र्या-मांजरांचा होता. किंवा पक्षी पाहणारा आणि प्राणवायूची सोय असलेला दवाखाना शोधायचा, लांब असला तरी.

वाट पाहण्याकडे बाबांचा कल होता. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: तडफडणाऱ्या पक्ष्याला हाताळलं, गाडीत घातलं, तर त्या ताणानेच तो जाऊ शकतो. पण या विषबाधेवर उतारा नाही. प्राणवायू, फुप्फुसातली सूज उतरवणारी औषधं, ऊब आणि शांतता, डॉक्टरांच्या हातात एवढंच असतं, आणि तेही लवकर पोहोचलात तर. मी आग्रह धरला की आधी फोन करा, प्राणवायू आहे का ते विचारा, मगच निघा. पहिल्या दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसरा दवाखाना नदीपलीकडे होता, तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, या.

आणखी एक निर्णय त्या वेळी झाला. कॉकाटील मागच्या खोलीत होती आणि दिसायला ठीक होती. तिला घरी ठेवून फक्त निळ्याला न्यायचं ठरत होतं. मी म्हणालो, तिलाही घ्या. फुप्फुसात पाणी साचायला वेळ लागतो. सकाळी दाणे टिपणारा पक्षी संध्याकाळी कोसळू शकतो. या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून वेळेवर झालेली गोष्ट एवढीच.

निळ्याने वाटेतच, राजाराम पुलावर, प्राण सोडला. नातवाच्या मांडीवर खोक्यात होता. कॉकाटील दवाखान्यात पोहोचली तेव्हा तिचीही शेपटी हलायला लागली होती. तिला थेट प्राणवायूच्या पेटीत ठेवलं.

कारण काय ठरलं

डॉक्टरांनी निळ्याची शवचिकित्सा करायची का, असं विचारलं. बाबा नको म्हणत होते. आजी म्हणाल्या, "करू दे रे. तिसरी अजून जिवंत आहे ना, तिच्यासाठी कळायला हवं." फुप्फुसं गर्द लाल, जड, ओली, कापल्यावर रक्तमिश्रित पाणी निघालं. यकृत, आतडी, सगळं निरोगी. विषारी वायू श्वासात गेल्यावर असंच चित्र दिसतं, असं डॉक्टर म्हणाल्या. कुठला वायू, कुठल्या भांड्यातून, हे मात्र शवचिकित्सा सांगत नाही. पिवळ्याला तोवर नातवाच्या मित्रांनी सोसायटीच्या बागेत पुरलं होतं.

पक्ष्याचा श्वास आपल्यासारखा नसतो, म्हणून घरातल्या चार माणसांना काहीच झालं नाही. कुणाचं डोकंही दुखलं नाही. पक्ष्याला श्वासपटल नसतं. फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ, आणि त्यांच्यामुळे हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा रक्ताच्या संपर्कात येते. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा अतिशय पातळ. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू असाच भरभर मिळतो, आणि हवेत विष असेल तर तेही तसंच भरभर जातं. बजरीगराचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. त्यात किती मावणार?

पीटीएफईचा लेप साधारण 260 अंशांपर्यंत टिकतो असं धरतात. 327 अंशांना तो वितळतो आणि 350 च्या पुढे झपाट्याने विघटित होतो. त्यातून निघणारे वायू आणि अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकालाही फारसे कळत नाहीत. तापलेल्या नॉनस्टिक भांड्यांमुळे घरातले पक्षी मेल्याच्या नोंदी 1970 च्या दशकापासूनच्या आहेत. माणसांनाही जास्त प्रमाणात हा वायू लागला तर काही तासांनी थंडी-ताप आणि खोकला येतो. ते दुखणं 1951 पासून वैद्यकाला माहीत आहे. ही काही कालची गोष्ट नाही, आणि तरीही आपल्याकडे तवा विकताना कुणी हे सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

घरात निकाल केव्हाच लागला होता: एअर फ्रायर दोषी. तो नवा होता, त्याला वास आला होता, त्याच दिवशी पहिल्यांदा लावला होता. बाबा संध्याकाळी तो खोक्यात भरूनही मोकळे झाले. मीही तेच मानत होतो. सुनेला मात्र ते थेंब आठवत होते. ती म्हणाली, "रोज पाणी मारलं की चर्र होऊन वाळतं. त्या दिवशी वाळलंच नाही, नुसतं पळत होतं." म्हणजे तवा रोजच्यापेक्षा फार जास्त तापला होता.

बाबा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये आहेत. तिथून त्यांनी लांबून तापमान मोजायची गन आणली. नॉनस्टिक तवा पुन्हा तापवणं धोक्याचं, म्हणून आजींचा जुना काळा लोखंडी तवा त्याच बर्नरवर तेवढ्याच आचेवर ठेवला, दारं-खिडक्या उघडून. कॉकाटील तेव्हा दवाखान्यातच होती. सगळे ओट्याभोवती उभे. दोन मिनिटांना आकडा 190. चार मिनिटांना 285. सहा मिनिटांना 340, आणि अजून चढतच होता. सुनेने हात पुढे करून गॅस बंद केला आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. तिकडे एअर फ्रायरची टोपली 210 च्या वर गेली नाही.

दोन तव्यांची जाडी वेगळी, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण डॉक्टरांना आकडे सांगितल्यावर त्यांचाही मुख्य संशय तव्यावर गेला. एअर फ्रायर पूर्ण सुटला असंही नाही. नव्या उपकरणाच्या पहिल्या तापण्यात लेपातली आणि कारखान्यातली उरलीसुरली द्रव्यं उडतात, आणि तोही त्याच हवेत पंधरा मिनिटं चालू होता. तरी एक गोष्ट मला फार लागली. फ्रायर घराबाहेर काढून सगळे निश्चिंत झाले असते, तर दुसऱ्या रविवारी तोच तवा त्याच बर्नरवर चढला असता, आणि कॉकाटील नुकतीच घरी परतलेली असती.

नंतर काय ठरवलं

कॉकाटील मंगळवारी घरी आली. त्याआधी घरात दोन दिवस चर्चा चालली. बाबांचं मत होतं की तिला कुणाला तरी देऊन टाकावं. या घरात पक्षी नकोत. नातू जेवेना. सून म्हणाली, भांडी बदलू. आजींना वाटत होतं की पिंजरा कायम मागे ठेवला की पुरे.

नुसत्या जागेवर भरवसा ठेवायला मी विरोध केला. त्या दिवशी कॉकाटील मागच्याच खोलीत होती, तरी तिला बाधलंच. ती वाचली ते दार अर्धं लोटलेलं होतं आणि तिची खिडकी उघडी होती म्हणून, असं मला वाटतं. वायू वीस पावलांवर थांबत नाही. स्रोत घरातून काढणं हा पहिला उपाय, अंतर आणि खिडकी हा दुसरा.

शेवटी तवा आणि नॉनस्टिक कढई बाहेर गेली. कामवाल्या मावशींनी मागितली होती, पण त्यांच्याही चाळीत शेजारी पोपट आहे हे कळल्यावर भंगारात घातली. (देशी पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. अशा घरांत पक्षी आजारी पडला तरी लोक भीतीने दवाखान्यात जात नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय. पक्ष्याचे हाल दुहेरी होतात.) फ्रायर आत्याकडेच परत गेला, तिच्याकडे पक्षी नाहीत. तुळशीबागेतून बिडाचा तवा आणला. तो वापरात आणताना तेल लावून कडक तापवावा लागतो, आणि जळत्या तेलाचा धूरही पक्ष्याला घातकच. म्हणून ते काम सुनेने कॉकाटील दवाखान्यात असतानाच, सोमवारी, उरकून घेतलं. स्टीलची कढई, लोखंडी पळी, घावनाला थोडं तेल जास्त. पहिली दहा-बारा घावनं चिकटली. नंतर सुटायला लागली.

आज परत तीच वेळ आली तर

मी आता फोन उचलला की खाण्याचं विचारत नाही. श्वासाचा त्रास म्हटलं की पहिलं वाक्य: "पक्षी उघड्या हवेत न्या, मग बोला." घरात काय तापलं हे त्यानंतर. कारण चुकीचं निघालं तरी मोकळ्या हवेने नुकसान होत नाही. थंडी असेल तर पिंजऱ्याला एका बाजूने कापड लावता येतं, हवा कोंडायची गरज नाही.

पक्षी पाहणारा दवाखाना आधीच शोधून ठेवायला हवा होता. पंधरा-वीस मिनिटं फोन लावण्यात गेली. आता त्या घरात फ्रीजवर कागद चिकटवलाय: दोन दवाखान्यांचे नंबर, कोण रविवारी असतं, कुणाकडे प्राणवायू आहे.

आणि पिवळ्याला पुरायला नको होतं. कापडात गुंडाळून थंड जागी ठेवून तोही दवाखान्यात न्यायचा. एकाऐवजी दोन पक्षी तपासता आले असते.

निळा वाचला असता का? मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, पिंजरा नऊ वाजून दहा मिनिटांनाच बाहेर गेला असता तर कदाचित. मी माझी पाच मिनिटं आणि आजी कापडाची पाच मिनिटं धरतात. आम्ही दोघं याबद्दल एकदाच बोललो.

कॉकाटील पहिले तीन आठवडे शीळ घालत नव्हती. थोडं उडाली की दांडीवर बसून शेपटी हलवायची. डिसेंबरमध्ये ती पुन्हा नातवाच्या मोबाइलची रिंगटोन म्हणायला लागली, पण पूर्वीइतकी लांब शीळ अजून येत नाही.

जानेवारीत सुनेचा फोन आला. इस्त्रीचा तळ काळा, गुळगुळीत आहे, तो कसला? मी म्हणालो, नॉनस्टिकचाच असणार. मग ती आणि आजी मिळून घर धुंडाळायला लागल्या. सँडविच टोस्टर निघाला. इस्त्रीच्या टेबलाचं चकाकणारं कव्हर निघालं. हीटरच्या दुकानदाराला विचारलं तर त्याला लेपाबद्दल काही सांगता आलं नाही, म्हणून तो घेतलाच नाही. इस्त्री आता टेरेसच्या जिन्यातल्या प्लगवर होते. आणि बेल वाजली की आजी आतूनच ओरडतात, "गॅस बंद कर गं आधी, मग दार उघड."